होळी ते रंगपंचमी: पाहुण्यांसोबत फाल्गुनातलं नागपूर

नागपूरला पाहुणे येतात ते डिसेंबरात, थंडी आणि संत्री साधून. नाहीतर मे महिन्यात, पाणवठ्यावर वाघ दिसतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून. मधला फाल्गुन कुणी मागत नाही. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. नवऱ्याच्या मिहान या इथल्या उद्योग क्षेत्रातल्या नोकरीमुळे इथे आलो, आणि इथला पहिला फाल्गुन बघितल्यापासून माहेरी-सासरी प्रत्येकाला मी एकच सांगत आले आहे: यायचं तर होळीला या. पळस फुललेला असतो, मृग बहराची संत्री बाजारात असतात, मोह गळायला लागलेला असतो, दुपारी पारा पस्तिशीला टेकला तरी रात्री अंगावर पांघरूण लागतं. पुढे एप्रिल लागला की पाहुण्याला घरातच कूलरसमोर बसवावं लागतं.

यंदा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने ते मनावर घेतलं. ती, तिचा इतिहास शिकवणारा नवरा, त्यांची दहा वर्षांची लेक आणि तिच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. होळीला उतरायचं आणि रंगपंचमी करून निघायचं असं ठरलं. हे मुद्दाम ठरवलं. नागपूर रंग खेळतं ते धुळवडीला, आणि आमचं कोल्हापूर रंगपंचमीला. आमच्या मुलांना दोन्ही रंग मिळतात, ते पाहुणीच्या लेकीलाही मिळावेत अशी माझी फार इच्छा होती.

फाल्गुन पौर्णिमा, होळी

महाराष्ट्र एक्सप्रेसला आज दुपारी कोल्हापुरात बसलं की उद्या संध्याकाळी नागपूर. पुण्याहून विमान होतं, पण मीच त्यांना गाडीने या म्हटलं. मिरजेकडचा ऊस, दौंडच्या पुढचं माळरान, भुसावळच्या केळी, बडनेऱ्यानंतरची काळी जमीन आणि बोंडं वेचून उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या हे सगळं ओळीने खिडकीतून गेलं, की हे राज्य केवढं आहे ते अंगाला कळतं. नकाशा बघून ते कळत नाही.

१९२५ सालच्या वालुकाश्माच्या स्टेशनातून बाहेर पडता पडता आक्का म्हणाल्या, "अगं, वर्धा सोडल्यापासनं रुळाच्या दोन्ही अंगांना पळसच पळस. झाडावर पान म्हणून एक न्हाई." मला इतका आनंद झाला! काही दाखवण्याआधीच त्यांनी ते बघितलं होतं.

घरी पोचलो तेव्हा कॉलनीच्या मैदानात होळी रचून झाली होती. इथली पोरं आठवडाभर आधी शेणाच्या चाकोल्या थापतात, मधे भोक पाडून वाळवतात आणि सुतळीत ओवून माळ करतात. आमची धाकटी हे शेजारच्या काकूंच्या सासूबाईंकडून शिकली. तिची माळ तिच्यापेक्षा लांब होती. मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या होत्या, त्या आमच्याकडे पाडव्याला मिळतात, इथे होळीलाच. पाहुणीच्या लेकीच्या गळ्यात काकूंनी गाठी घातली आणि आक्कांकडे वळल्या, "काऊन जी, एवढ्या दुरून आल्या, थकल्या नाही काय? या, बसा, आधी पोळी खा."

ती पोळी म्हणजे पुरणाने भरून जाड झालेली, आणि शेजारी तुपाची अख्खी वाटी. घास तुपात बुडवायचा आणि खायचा. आम्ही कटाच्या आमटीवर वाढलेली माणसं, पण आक्कांनी दुसरी पोळी स्वतः मागून घेतली. होळी पेटल्यावर त्यांनी तोंडावर हात नेऊन अशी बोंब ठोकली की कॉलनीतली सगळी पोरं त्यांच्याभोवती जमली. त्या रात्रीपासून त्या सगळ्या कॉलनीच्या आक्का झाल्या.

वद्य प्रतिपदा, धुळवड

पळसाचा रंग आम्ही दरवर्षी घरी करतो. झाडाची फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली गोळा करायची, आणि ती पोतंभर मिळतात. रात्री हंड्यात भिजत घातली, सकाळी पाणी उकळून फडक्यातून गाळून घेतलं. पाणी आधी पिवळं दिसतं. त्यात चिमूटभर चुना टाकला की बघता बघता गर्द नारिंगी होतं. मुलं चुना टाकायच्या त्या क्षणासाठीच पहाटे उठून बसली होती. या रंगाने त्वचा चरचरत नाही, तोंडात गेला तरी घाबरायचं कारण नाही, आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडला तर जो केशरी डाग उरतो तो मला तरी फार देखणा वाटतो. बाजारचा रंग आमच्या घरात येत नाही, आणि कॉलनीतली आणखी काही घरंही आता फुलं भिजवायला लागली आहेत.

दुपारी एकच्या आत शहर शांत होतं. आणि मग मटण. धुळवडीला मटण लागतं याबाबत कोल्हापूर आणि नागपूर यांचं पूर्ण एकमत आहे. मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग असते. आम्ही दोन पातेली चढवली. एका शेगडीवर मैत्रिणीचा तांबडा आणि पांढरा, सोबत तिने घरून आणलेली कांदा-लसूण चटणी. दुसरीवर माझ्या नवऱ्याने सावजी रस्सा घातला.

सावजी ही इथल्या हलबा कोष्टी विणकर समाजाची पद्धत. हातमाग चालवणाऱ्या घरांतून ती इतवारी-महालकडच्या खानावळींत आली आणि आता सगळ्या शहराची झाली. खडा मसाला काळपट होईस्तोवर भाजायचा, त्यात दगडफूल आणि खसखस, जवसाचं तेल, आणि दाटपणासाठी ज्वारीचं पीठ. आमच्याकडचं ओल्या नारळाचं दूध आणि तीळ इथे नाही. रस्सा जवळजवळ काळा दिसतो आणि तर्री वर चमकत राहते. दोन्ही वाट्या समोर घेऊन आक्कांनी आलटून पालटून चव घेतली आणि म्हणाल्या, "आपलं तिखट जिभेवर लागतं. ह्यांचं घशाखाली उतरल्यावर." याहून नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही. काकूंनी वडाभात पाठवला होता. मिश्र डाळींचे वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीचं खमंग तेल ओतायचं. तो मैत्रिणीला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन काकूंच्या ओट्याशी उभी होती.

वद्य द्वितीया

सकाळी कळमेश्वरच्या बाजूला नवऱ्याच्या सहकाऱ्याची संत्र्याची बाग. मला पाहुण्यांना बाजार दाखवायचा नव्हता, झाड दाखवायचं होतं.

नागपुरी संत्र्याला वर्षातून दोन बहर असतात. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ दिवाळीच्या आसपास हाती येतं. मृग बहर पावसाच्या तोंडावर फुलतो आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे डिसेंबरचा पाहुणा जे संत्रं नेतो ते आंबियाचं. मृगाचं गोड फळ त्याच्या वाट्याला येतच नाही. कोणता बहर धरायचा हे शेतकरी ठरवतो, आणि त्यासाठी झाडाला ताण देतो: पाणी बंद करतो. पानं थोडी मलूल होईपर्यंत, काही पिकून गळेपर्यंत थांबतो, आणि मग पाणी सोडतो. तहान लागलेलं झाड पाणी मिळताच फुलून येतं. ताण किती द्यायचा यात सगळं कसब आहे. कमी झाला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच बसतं.

या बागेत विहिरीच्या अलीकडचा तुकडा मृगाचा, पलीकडचा आंबियाचा. त्यामुळे एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून दोन्ही बघता आलं. डावीकडे तोडणीला आलेली फळं. उजवीकडे ओसरत आलेला फुलोरा, पाकळ्या गळून ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी फळं धरलेली, आणि तरी उरल्यासुरल्या फुलांचा वास असा की पाहुणीची लेक एकेका फांदीत नाक घालत हिंडत होती. बागवाल्या दादांनी खोडावरचा कलमाचा सांधा दाखवला. खाली जंबेरी लिंबू, वर संत्रा. मुळं जंबेरीची दणकट. हे झाड मुळात इथलं नाहीच. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून रोपं आणून लावली असं सांगतात. आणि २०१४ साली याच नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. परगावाहून आलेलं झाड इथल्या मातीत इतकं रुजलं की गावाने त्याचंच नाव लावलं, हे मला दरवेळी मनापासून आवडतं.

"तोडून राहिले तर देठ ठेवा ताई," दादा मैत्रिणीला म्हणाले. "ओढलं की साल फाटते, अन् मग फळ टिकत नाही." तिने दुसरं फळ कात्रीने, देठासकट कापलं.

संध्याकाळी मेट्रोने सीताबर्डीपर्यंत गेलो. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, तीन मजल्यांची ही वाहतूक मुलांना फार आवडते. तिथून दीक्षाभूमीला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजचा स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी खुला झाला. सांचीची आठवण करून देणारा, पण आतून पोकळ. आत गेलं की घुमट डोक्यावर उघडा मिळतो आणि बोलणारं माणूस आपोआप हळू बोलायला लागतं. दसऱ्याला इथे पाय ठेवायला जागा नसते. मार्चच्या संध्याकाळी मात्र बोधिवृक्षाखाली निवांत बसता येतं. तो वृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या रोपापासून वाढलेला आहे.

मैत्रिणीचा नवरा एरवी फार बोलणारा नाही. तिथे तो मुलांना घेऊन खाली बसला आणि त्यांना मार्च १९२० ची माणगाव परिषद सांगितली. आमच्या हातकणंगले तालुक्यातलं माणगाव. तिथे तरुण आंबेडकर अध्यक्ष होते, आणि शाहू महाराज स्वतः हजर राहून जमलेल्यांना म्हणाले होते की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. "आपल्या शेजारच्या गावात सुरू झालेली वाट इथपर्यंत आली," तो म्हणाला. मी इथे कितीतरी वेळा आले आहे, पण माणगावहून इथपर्यंतची रेघ माझ्या मनात कधी अशी सरळ ओढली गेली नव्हती. बाहेर २२ प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. थोरल्याने त्या मोठ्याने वाचल्या, सगळ्या. आम्ही उभे राहून ऐकल्या.

वद्य तृतीया

सेवाग्राम आणि पवनार. सकाळी लवकर निघून दुपारी उन्हाआधी परत, असा बेत. सेवाग्राम नागपूरहून पाऊणशे किलोमीटर. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी हाताने उठवलेली झाडं आणि चरखा आहे. आक्का त्यावर हात न लावता, अगदी जवळून बराच वेळ बघत राहिल्या. लहानपणी त्यांनी घरच्या भिंती सारवल्या आहेत. शेणमातीत किती पाणी घेतलं असेल हे त्या मला समजावून सांगत होत्या.

पवनारला धाम नदीत पाणी कमी झालं होतं आणि खडक उघडे पडले होते. विनोबांनी १९५९ साली स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आजही तिथल्या भगिनी चालवतात, स्वतः शेती करून. वर्ध्याहून गोरसपाकाचे, म्हणजे गाईच्या तुपातल्या बिस्किटांचे, डबे घेतले. नागपूरकडून परतणाऱ्याच्या पिशवीत संत्रा बर्फी असतेच, पण ज्याला ठाऊक आहे तो गोरसपाक नेतो.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या. मैत्रीण आणि मी खूप उशिरापर्यंत बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वद्य चतुर्थी, संकष्टी

या दिवसासाठी मी तिथी जुळवली होती. पेंचच्या जंगलात तारे बघायचे तर चंद्र नको. पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो. चतुर्थीला तो येईपर्यंत पावणेदहा होतात, म्हणजे अंधार पडल्यापासून दोन तास आकाश मोकळं. पण त्या दिवशी संकष्टी, आणि आक्कांचा उपास! त्या चंद्र कधी येतो याची वाट बघणार आणि आम्ही तो येऊ नये याची. "येऊ दे की त्याच्या वेळेला," आक्का म्हणाल्या. "मला काही घाई न्हाई."

सकाळी आधी रामटेक. मनसरच्या अलीकडे-पलीकडे मँगेनीजच्या खाणींमुळे माती काळी दिसते, आणि त्या काळ्यावर पळस. पळसाचं फूल जवळून बघावं. पाकळी वाघनखासारखी वळलेली, आणि तिचा देठाकडचा भाग काळपट मखमलीचा. झाड निष्पर्ण, त्यामुळे फांदीवर बसलेला प्रत्येक पक्षी दिसतो: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, सगळे मधासाठी भांडणारे. रस्त्याकडेला गाडी थांबवून आम्ही नुसतं हे बघितलं, आणि घाई कुणीच केली नाही. त्या झाडाखालचा अर्धा तास मला पूर्ण सहलीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

गडावर वानरांपासून पिशव्या सांभाळत चढलो. श्रीरामाचं मंदिर सगळे बघतात. त्याआधी वाटेत लागणारं केवल-नरसिंहाचं मंदिर मात्र लोक ओलांडून जातात. ते वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचं. त्यातली नरसिंहाची मूर्ती बसलेली, भव्य, आणि चेहऱ्यावर उग्रपणाचा लवलेश नाही. भिंतीतल्या शिलालेखाचा संबंध अभ्यासक प्रभावतीगुप्तेशी जोडतात. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून, आणि नवरा गेल्यावर मुलगा लहान असताना राज्य चालवणारी बाई. मैत्रीण म्हणाली, "आमच्या ताराराणीसारखी." आम्हा दोघींना एकाच वेळी भरून आलं. कालिदासाचा यक्ष याच रामगिरीवर राहिला असं विद्वानांचं एक मत आहे, आणि टेकडीवर कालिदासाचं स्मारकही आहे. पण ती गोष्ट आषाढातली. फाल्गुनात वरून दिसतं ते अंबाळा तलावाचं पाणी, त्याभोवतीची देवळं, आणि उतारावरचा पळस.

पुढे पवनीहून सिल्लारीकडे वळलो. वाटेत दोन्ही बाजूंना साग, पानं गळून करडा झालेला. मधेच पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळ. पर्यटक निवासात सामान टाकलं आणि अंधार पडायच्या आत जेवून घेतलं, आक्का सोडून.

पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, जानेवारी २०२४ पासून. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड करून बसवले आहेत, उजेड वर जाऊ नये म्हणून. एवढ्या साध्या गोष्टीने केवढा फरक पडतो! आठ वाजता मृग नक्षत्र नैर्ऋत्येला वर होतं, व्याधाचा बाण पोटात घेऊन. रोहिणी तांबूस. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी थोरल्याने सहा मोजल्या. दक्षिणेला अगदी खाली, झाडांच्या शेंड्यांवर अगस्ती. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते. पाहुणीची लेक शहरात वाढलेली. ती विचारत होती की एवढे सगळे रोज इथे असतात का. असतात. जूनमध्ये सूर्य मृगात आला की पाऊस लागतो, हे आक्कांनी तिला सांगितलं, आणि तिने लगेच बागेतल्या मृग बहराचं नाव काढलं.

दुर्बिणीतून मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ बघायला रांग लागली होती. आक्का रांगेत माझ्यापुढे उभ्या होत्या. डोळा लावून झाल्यावर त्या बाजूला झाल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "धुरागत दिसतंय. पण आतनं उजेड हाय." मग पूर्वेकडे सागाच्या मागे आभाळ पिवळसर झालं. तारे एकेक करून फिके पडायला लागले आणि चंद्र वर आला, जरा चेपलेला. आक्कांनी पिशवीतून तांब्या, फूल आणि गूळ-खोबऱ्याची पुरचुंडी काढली, चंद्राला अर्घ्य दिलं आणि सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, दुर्बीण सांभाळणाऱ्या मुलाच्याही.

वद्य पंचमी, रंगपंचमी

पहाटे जिप्सी. वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांचा कळप दिसला, तांबड्या अंगाचा, एका ओढ्याच्या वाळूत एकमेकांना ढुशा देत खेळणारा. गाइड म्हणाला की वाघापेक्षा ते दिसणं दुर्मीळ, आणि त्याचा चेहरा सांगत होता की तो आमची समजूत घालत नव्हता. रानगवे दिसले, चितळांचे कळप तर सगळीकडे. जंगल विरळ झालेलं असल्यामुळे या दिवसांत लांबचं दिसतं.

गेटबाहेर गावाच्या कडेला मोह गळायला लागला होता. फुलं पहाटे पडतात, आणि बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आधीच येतात. पिवळट, रसाळ, गोडसर वासाची. वाळवून वर्षभर ठेवतात, लाडू करतात, विकतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची जुनी पद्धत आहे, आणि या दिवसांतले बरेच वणवे तिथूनच पेटतात. त्यामुळे वन विभाग आता पाचोळा झाडून घ्यायला सांगतो. एका आजींनी झाडाखालची जागा अंगणासारखी लख्ख झाडून ठेवली होती. "जाळत नाही आम्ही आता," त्या म्हणाल्या, "हरणाईलेबी खायाले पाहिजे ना." त्यांनी आक्कांच्या ओंजळीत फुलं दिली. पैसे घेतले नाहीत.

दुपारी घरी पोचलो. नागपूरच्या दृष्टीने तो कामाचा साधा दिवस, रंग चार दिवसांपूर्वीच धुऊन झालेला. पण आमच्या दारात हंडा होता, पळसाचं पाणी होतं, आणि आम्ही कोल्हापुरी पद्धतीने सगळ्यांना बादलीने न्हाऊ घातलं. ऑफिसातून येणारे शेजारी थांबून बघत होते. मग काकूंचा नातू शाळेच्या कपड्यांतच आत घुसला, त्याच्यामागे आणखी चार पोरं, आणि शेवटी काकू स्वतः. "दोनदा होळी होऊन राहिली बाप्पा आपल्या कॉलनीत," त्या म्हणाल्या आणि आक्कांच्या डोक्यावर अख्खा तांब्या ओतला. आता पुढच्या वर्षी पंचमीचा हंडा कॉलनीच्या मैदानात मांडायचा असं त्याच ठिकाणी ठरलं.

वद्य षष्ठी

परतीची गाडी सकाळी. तर्री पोहे खाऊन निघायचं ठरलं होतं, त्यावर भरपूर शेव-चिवडा आणि कच्चा कांदा. आणलेलं भडंग संपलं होतं. त्याच डब्यात संत्रा बर्फी भरली. देठासकट तोडलेली मृगाची संत्री पुठ्ठ्याच्या खोक्यात, मधे वर्तमानपत्राचे थर घालून, वर हवेला भोकं पाडून. अशी बांधली की घरी पोचल्यावरही आठवडाभर टिकतात.

सगळं सामान दारात आल्यावर आक्का सोफ्यावरून उठल्याच नाहीत. काकूंनी त्यांना पोद्दारेश्वर राममंदिराच्या रामनवमीच्या शोभायात्रेचं सांगून ठेवलं होतं. "माझं तिकीट रद्द करा," त्या मुलाला म्हणाल्या. "मी रामनवमी करून येते. पाडव्याची गुढीबी हितंच." तो एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. मी त्यांची पिशवी उचलून परत आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

काकूंनी उद्या आक्कांना सांबारवड्या, म्हणजे इथल्या कोथिंबिरीच्या वड्या, शिकवायला बोलावलं आहे.